खंयचो तू?

कोकणात अनोळखी माणसाला तांब्याभर पाण्याच्या आधी प्रश्न मिळतो. एसटीत शेजारी बसा, आठवडी बाजारात कोकमाचा भाव विचारा, देवळाच्या पायरीवर घाम पुसत टेका. समोरचा विचारणारच, ‘खंयचो तू?’ उत्तर मिळालं की लगेच, ‘कोणाचो?’ मग गाव, वाडी, आजोबांचं नाव, आजोबांनी लढवलेली आणि हरलेली जमिनीची केस. दहा मिनिटांत काहीतरी नातं निघतं, नाहीतर जुनं भांडण तरी. मुंबईत पंचवीस वर्षं शाळेत शिकवून मी गावी आलो तेव्हा याच प्रश्नाने मला परत गावात घेतलं. मुंबईच्या चाळीत शेजारच्याने तो पंचवीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता.

तोच प्रश्न २०२५च्या मे महिन्यात मी वेगळ्या आवाजात ऐकला.

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली होती. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची कवायत ठरली होती आणि तिच्या यादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गही होते. मासेमारीचा हंगाम संपायला तीन आठवडे उरलेले. एरवी या दिवसांत बंदरावरच्या टपरीत बोलणं असतं ते डिझेलचं, किंवा बांगडा यंदा गेला कुठे याचं. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये वेगवेगळं युद्ध. कराची बंदर जळाल्याचं एकाने तीनदा दाखवलं. (ते जळालं नव्हतं.)

तेवढ्यात बर्फवाले चाचा आले. शेजारच्या मोहल्ल्यातले. तीस वर्षं फॅक्टरीतून लाद्या आणून होड्यांना बर्फ पुरवतात. निम्म्या बंदराची उधारी त्यांच्या वहीत आहे. त्यांनी चहा सांगितला आणि कोणीतरी अगदी सहज, हसतच विचारलं, ‘काय चाचानू, तुमका काय वाटता ह्या सगळ्याचा?’

चाचा क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘पाकिस्तानाक धडो शिकवूकच व्हयो.’ आणि कोणी मागितलं नसताना खिशातून मोबाईल काढून डीपीवर लावलेला तिरंगा दाखवला. टपरीत सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, आणि ते बरं वाटणं मला नंतर बरेच दिवस सलत राहिलं. आम्ही तिथे पंधरा-सोळा जण होतो. ‘तुमका काय वाटता’ हे बाकी कोणालाही विचारलं गेलं नव्हतं.

कोणी शिवी दिली नाही, कोणाचा हात उठला नाही, बर्फ त्या दिवशीही उतरला. याला भेदभाव म्हणाल तर लोक हसतील. तरी मला वाटतं की युद्धकाळातला भेदभाव इथूनच सुरू होतो, कायदे आणि छावण्या मागाहून येतात.

शांततेच्या काळात कायदा माणसाला एकच गोष्ट विचारतो, केलंस काय? चोरी केली असेल तर पुरावा आणा, नसेल तर सोडा. युद्ध लागलं की हा प्रश्न बाजूला पडतो आणि त्याच्या जागी आमचा कोकणी प्रश्न येऊन बसतो. तू कुठला? कोणाचा? पहिल्या प्रश्नाला निर्दोष माणसाकडे उत्तर असतं. दुसऱ्याला नसतं, कारण जन्म काही कोणाला मागे घेता येत नाही.

किनाऱ्यावरचा माणूस म्हणून मला यातली दोन उदाहरणं विसरता येत नाहीत. लॉस एंजेलिसजवळ टर्मिनल आयलंड नावाच्या बेटावर जपानी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांचं मच्छीमार गाव होतं. पुरुष बोटीवर, बायका मासळीच्या कारखान्यात. आपल्याकडच्या कुठल्याही बंदरासारखं. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, फेब्रुवारी १९४२मध्ये, त्यांना ४८ तासांत घरं सोडायला सांगितलं गेलं. जाळी, होड्या, भांडीकुंडी मिळेल त्या भावाने विकून माणसं निघाली, आणि पुढे ते गावच पाडून टाकलं. तिकडे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी कोळ्यांच्या सुमारे १,२०० होड्या डिसेंबर १९४१मध्येच जप्त झाल्या, एका नदीत नेऊन बांधून ठेवल्या गेल्या आणि नंतर विकल्या गेल्या. या लोकांना किनाऱ्यावर परत पाय ठेवायची मुभा मिळाली ती १ एप्रिल १९४९ला. युद्ध संपून साडेतीन वर्षं उलटली होती. होडी गेलेल्या माणसाला साडेतीन वर्षं म्हणजे काय, हे आमच्या बंदरात कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

अमेरिकेत एकूण सुमारे १,२०,००० लोक छावण्यांत गेले. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. याची शिफारस करणाऱ्या जनरल डेविट यांचा तर्क शाळेतल्या तर्कशास्त्राच्या तासाला शिकवावा असा आहे: आतापर्यंत एकही घातपात झालेला नाही, हीच काळजीची गोष्ट, कारण त्यावरून तो होणार हे दिसतं. म्हणजे काही केलंस तर दोषी, आणि काही केलं नाहीस तर दबा धरून बसलेला.

आता गंमत पाहा. हल्ला झाला होता हवाई बेटांवर. तिथे जपानी वंशाची दीड लाखाहून जास्त माणसं होती, एकूण लोकसंख्येच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त. त्यांना उचललं असतं तर बेटांवरचे मळे, गोदी, दुकानं सगळं बंद पडलं असतं. म्हणून तिथे दोन हजारांपेक्षा कमी लोक पकडले, बाकीचे कामावर जात राहिले. घातपात झाला नाही. धोका जिथे सगळ्यात मोठा सांगितला जात होता तिथे शेजाऱ्यावर भरवसा ठेवून काम भागलं, आणि जिथे परवडत होतं तिथे संशय चालला. हे वाचलं तेव्हापासून ‘सुरक्षेसाठी करावं लागतं’ हे वाक्य कानावर आलं की मी मनात हवाईचा हिशेब मांडतो.

पण परक्यांच्या चुका उगाळणं सोपं. राजस्थानात देवळी नावाचं गाव आहे. इंग्रजांनी तिथल्या छावणीत स्वातंत्र्यलढ्यातली माणसं डांबली होती. जयप्रकाश नारायण तिथे होते, आपले कॉम्रेड डांगे होते. १९६२च्या नोव्हेंबरात, चीनशी युद्ध चालू असताना, त्याच देवळीच्या छावणीत स्वतंत्र भारताने सुमारे ३,००० चिनी वंशाची माणसं नेऊन ठेवली. आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडची ही माणसं. सुतार, चहाच्या मळ्यातले कारागीर, हॉटेलवाले, आणि त्यांची शाळेत जाणारी पोरं. पुष्कळांचा जन्म भारतातला. भारत संरक्षण कायद्याने सरकारला अधिकार दिला होता तो ‘शत्रू मुळाचा’ असल्याच्या संशयावरून माणसाला अटक करण्याचा. मूळ! युद्ध महिनाभरात संपलं. छावणीतले शेवटचे लोक १९६७मध्ये बाहेर पडले. घरी गेले तेव्हा घरं लिलावात गेलेली.

मी मुंबईत राहत होतो त्या माझगावात डॉकयार्डजवळ चिनी खलाशांनी बांधलेलं मंदिर अजून आहे. कोकणातला चाकरमानी आणि कँटनचा खलाशी एकाच गोदीत राबत होते. मी मात्र पंचवीस वर्षांत देवळीबद्दल वर्गात अवाक्षर काढलं नाही, कारण पाठ्यपुस्तकात ते नव्हतं आणि मला ठाऊकही नव्हतं. अमेरिकेने १९८८ साली कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, कॅनडानेही त्याच वर्षी माफी मागितली. देवळीहून सुटलेले आणि त्यांची मुलं, ज्यांतले कित्येक आता कॅनडातच आहेत, ते भारताकडे त्या एका शब्दाची मागणी करत म्हातारे झाले.

चिनी माणसं आमच्या बंदरात नाहीत म्हणून हे लांबचं वाटेल. मग असं धरा की उद्या भांडण नेपाळशी झालं. आंब्याच्या बागेत राखणीला कोण आहे? ट्रॉलरवर जाळं ओढायला कोण आहे? ज्या खलाशाला आज आपण ‘बहाद्दर’ म्हणून हाक मारतो त्याच्याकडे परवा टपरीतल्या नजरा कशा वळतील, हे मला आत्ताच दिसतं. नेपाळशी तसं काही होऊ नये. सांगायचं इतकंच की संशयाला विशिष्ट धर्म लागत नाही, त्या वर्षीचा शत्रू कोण ते ठरलं की संशय त्याच्यासारखं दिसणारं जवळचं माणूस शोधतो.

आपल्याच किनाऱ्यावर, कोकण रेल्वे जिथे संपते त्या मंगळुरूला, हे दोनदा झालेलं आहे. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कॅनरातल्या ख्रिस्त्यांनी इंग्रजांना मदत केली या संशयावरून टिपू सुलतानाने फेब्रुवारी १७८४मध्ये हजारो कॅथलिकांना बायकापोरांसकट उचलून श्रीरंगपट्टणला हाकलत नेलं. वाटेत आणि कैदेत किती मेले याचा धड हिशेब नाही. उरलेले परतले ते १७९९ला टिपू पडल्यावर. मदत काहींनी केलीही असेल, पण शिक्षा सगळ्या समाजाला झाली. पुढे त्याच मंगळुरूत बासल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी १८६५ला कौलांचा कारखाना काढला. कोकणातल्या कित्येक घरांवर आज जे मंगलोरी कौल आहे त्याचा उगम तो. १९१४ला पहिलं महायुद्ध लागलं आणि ऐंशी वर्षं तिथे राहिलेल्या मिशनचे जर्मन लोक एकाएकी शत्रू ठरले. त्यांना अहमदनगरच्या छावणीत पाठवलं, कारखाने काढून घेतले. टिपू मुसलमान, बळी ख्रिस्ती. इंग्रज ख्रिस्ती, बळीही ख्रिस्ती. ज्यांना हा विषय एका धर्माने दुसऱ्यावर केलेल्या अन्यायाचा वाटतो, त्यांनी आपल्या छपराकडे एकदा बघावं.

आणि असं वागणं अटळ असतं असंही नाही. रेवदंड्याजवळ कोर्लईला जा. १७४०ला तो भाग पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, वसईच्या मोठ्या लढाईनंतर. शत्रूच्या धर्माची, शत्रूची भाषा बोलणारी माणसं खाडीच्या तोंडावर, किल्ल्याच्या पायथ्याशी, मोक्याच्या जागी राहत होती. ती तिथेच राहिली. आज पावणेतीनशेहून जास्त वर्षांनंतरही कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. पेशवाई फार उदार होती असा माझा दावा नाही. तिने इतरांना काय दिलं ते कोकणाला माहीत आहे. पण निदान या एका गावाला कोणी ‘कोणाचो?’ विचारून बाहेर काढलं नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण युद्ध संपतं आणि कायदा राहतो. १९६५च्या युद्धाने भारत आणि पाकिस्तान दोघांच्या कायद्यात एक शब्द पक्का केला, ‘शत्रू मालमत्ता’, म्हणजे शत्रुदेशात गेलेल्या माणसाची मागे राहिलेली मालमत्ता. पूर्व पाकिस्तानात त्या नावाखाली हिंदूंच्या जमिनी गेल्या, पुढे बांगलादेश झाला तरी नाव बदलून तोच कायदा चालू राहिला. त्याबद्दल आपण रागावतो आणि रागावलंच पाहिजे. आपल्याकडे १९६८चा शत्रू मालमत्ता कायदा आहे, त्याच्या अभिरक्षकाची कचेरी मुंबईत बॅलार्ड इस्टेटला आहे. २००५ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादच्या राजाच्या प्रकरणात म्हटलं की वारस भारतीय नागरिक असेल तर त्याला मालमत्ता मिळाली पाहिजे. २०१७ला संसदेने दुरुस्ती केली, तीही मागल्या तारखेपासून. आता शत्रूच्या व्याख्येत त्याचा वारसही येतो, मग तो वारस भारताचा नागरिक असला तरी. कोकणातल्या मुसलमानांची कराचीत मोठी वस्ती आहे. सातबारावर पाच भावांची नावं असतात, त्यातला एक फाळणीनंतर जहाजावरून तिकडे उतरला, बाकी चार इथेच भात लावत राहिले, अशी घरं या किनाऱ्यावर आहेत. कराचीतल्या भावाच्या हिश्श्यापुरता त्याचा इथला पुतण्या कायद्याच्या भाषेत शत्रूचा वारस. मतदार यादीत भारतीय, तलाठ्याकडे शत्रू. कोकणात जमिनीवरून सख्खे भाऊ एकमेकांना शत्रू म्हणतात, पण ते निदान स्वतःच्या तोंडाने.

राज्यघटनेतही एक दार अर्धं उघडं आहे. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ यांसाठी कोर्टात जाण्याचा हक्क काढून घेता येणार नाही. जीव आणि स्वातंत्र्य वाचलं, फार चांगलं झालं. पण समानतेची कलमं १४ आणि १५ त्या यादीत नाहीत. युद्धाच्या आणीबाणीत त्यांच्यासाठी दाद मागण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबवता येतो. ज्या काळात धर्मावरून भेद होण्याची भीती सर्वांत जास्त, नेमका त्याच काळासाठी ही सोय. या कलमांनाही तेच संरक्षण मिळायला हवं असं माझं मत आहे. कोणी याला देशद्रोह म्हटलं तर मी ४४वी दुरुस्ती ज्या संसदेने केली तिच्यातल्या सदस्यांची यादी वाचून दाखवीन. त्यात आजच्या सत्ताधाऱ्यांचे पूर्वसूरीही आहेत.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मास्तर, शेखाडी विसरलात. नाही विसरलो. कोकणात राहून शेखाडी विसरता येत नाही. १२ मार्च १९९३च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली, आणि त्यासाठीची स्फोटकं उतरली ती रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला. माल उतरवायला हात लावणाऱ्यांत स्थानिक मुसलमान होते, हे झाकण्यात काही अर्थ नाही. पण पुढचंही सांगा. तो माल समुद्रातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून मुंबईला गेला कसा? पोलिसांनी नाक्यावर गाड्या अडवल्या होत्या, आणि पैसे घेऊन सोडल्या. टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवलं त्यांत पोलीस आहेत, कस्टमचे अधिकारी आहेत, आणि त्यांची आडनावं एकाच धर्माची नाहीत. ती वाट आधीची वर्षानुवर्षं घड्याळांनी आणि सोन्या-चांदीने मळलेली होती. त्या रात्री गाडीतला माल बदलला, वाट आणि टक्केवारी तीच होती. नाक्यावरच्या माणसाने ‘कोणाचो?’ हे विचारायची गरजच नव्हती. ‘गाडीत काय?’ विचारून उत्तर खिशात न घालता लिहून घेतलं असतं, तर पुरलं असतं. त्यानंतर मात्र संशयाची पावती फाडली गेली ती अख्ख्या मोहल्ल्यांच्या नावाने. लाच घेणाऱ्यांच्या गावात कोणी झडती घ्यायला गेलं नाही, आणि जाऊही नये. त्यांच्या गावाचा काय दोष?

२००८चं बघा. कसाब आणि त्याचे साथीदार पोरबंदरची ‘कुबेर’ पळवून, तिच्यावरच्या माणसांना मारून आले. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं, कोण तुम्ही, कुठले? तिथे हा प्रश्न अगदी बरोबर होता. रात्री अनोळखी होडीतून जड पिशव्या घेऊन उतरणाऱ्याला तो विचारलाच पाहिजे, मग उतरणारा कोणी असो. तीस वर्षं बर्फ देणाऱ्या माणसाला विचारतो तेव्हा तोच प्रश्न निरुपयोगी होतो, आणि नुसता निरुपयोगीही राहत नाही. समुद्रावर काही वेगळं दिसलं तर पोलिसांना फोन करणारा हाच माणूस असतो. दालदी (हे मुसलमान मच्छीमार), कोळी, गाबीत, भंडारी, खारवी यांच्या होड्या एकाच पाण्यात असतात. सागर सुरक्षा दल चालतं ते त्यांच्या डोळ्यांवर. ज्याच्याकडे आपण संशयाने बघतो तो आपल्याला पाहिलेलं सांगायला कशाला येईल? आला तर पहिला प्रश्न त्यालाच होणार, हे त्याला ठाऊक आहे.

ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७. दोन तास कोकणात काय काय फिरलं मोबाईलवर, आठवा. कोणाकोणाची नावं जोडली गेली, तेही आठवा. ती निघाली एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, ओमानकडे संकटात सापडून सोडून दिलेली आणि मोसमी वाऱ्याने वाहत आलेली. खुलासा विधानसभेतच झाला. पण ज्यांनी त्याआधी मोहल्ल्यांकडे बोट दाखवलं होतं त्यांच्यातल्या कोणी ‘चुकलं’ म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. वाऱ्यावर केस करता येत नाही ना.

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्यासारखी भली म्हणवणारी माणसं अशा वेळी काय करतात? दाखला काढतात. मी दरवर्षी सप्टेंबरात वर्गात हवालदार अब्दुल हमीदांची गोष्ट सांगायचो. १९६५, असल उत्तर, जीपवरची तोफ, पॅटन रणगाडे, परमवीर चक्र. नौशेराच्या ब्रिगेडियर उस्मानांची सांगायचो. रत्नागिरीकडचे दर्यावर्दी मुसलमान इंग्रजांच्या काळापासून नौदलात भरती होत आले, हेही सांगायचो. त्या गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगाव्यातही. पण कशासाठी सांगतोय, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. ‘बघा, तेही आपले आहेत’ म्हणताना मी ‘आपले’पणाला किंमत लावत होतो, आणि ती किंमत होती मरण. गोखल्यांच्या मुलाला, राण्यांच्या मुलाला आपलं ठरायला कोणी रणगाड्यासमोर उभं करत नाही.

शिवाय तो दाखला चालतही नाही. हे कोकणाला इतर कोणाहूनही आधी कळलेलं आहे. महारांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या. दापोलीच्या कॅम्पात त्यांचे निवृत्त सुभेदार-हवालदार राहत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथे होते. १८९०च्या आगेमागे इंग्रजांना ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ असा शोध लागला आणि महारांची भरती बंद झाली. कोणी पळाला नव्हता, कोणी फितूर झाला नव्हता. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतले निवृत्त हवालदार, यांनी दापोलीत बसून सरकारला अर्ज लिहिला, आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं याचा हिशेब मांडून. दाखला याहून मोठा कुठला असणार? उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ला महार पलटण उभी केली, १९२१ला मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली, तेव्हा १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट झाली. गरज असली की निष्ठावान, गरज सरली की बिनलढाऊ. तिकडे अमेरिकेत जपानी वंशाच्या मुलांची ४४२वी रेजिमेंट युरोपात पदकांमागून पदकं मिळवत होती, तेव्हा त्यातल्या कित्येकांचे आईबाप काटेरी तारेच्या आत होते.

बाबासाहेबांनी यातून जे घेतलं ते मला मोलाचं वाटतं. लष्करभरतीसाठी ते भांडले, पण हक्क मागताना पराक्रमावर विसंबले नाहीत. चवदार तळ्याचं पाणी माणूस म्हणून मागितलं. कोरेगावच्या स्तंभाचा दाखला काखोटीला मारून ते तळ्यावर गेले नव्हते.

मुसलमानांवर टीका करायचीच नाही का, असं विचारणारे भेटतात. करावी की. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आयुष्यभर तेच करत होते. १९७०ला त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तलाकपीडित बायकांचा प्रश्न रस्त्यावर आणला, स्वकीयांचे शिव्याशाप घेतले. त्यांची टीका विचारांवर होती, वागण्यावर होती, आणि ती करायला त्यांना युद्ध लागलं नाही. ज्यांना दलवाई फक्त तोफा डागल्यावर आठवतात, त्यांचा सुधारणेशी संबंध थोडाच आहे.

२०२५च्या त्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या. कर्नल सोफिया कुरेशी पत्रकारांसमोर देशाच्या वतीने बोलल्या, आणि आठवड्याच्या आत मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने त्यांच्या धर्मावरून असं काही म्हटलं की उच्च न्यायालयाने आपणहून गुन्हा नोंदवायला सांगितलं. गणवेश अंगावर असतानाही दाखला चालला नाही. आणि पहलगामला ज्या नौदल अधिकाऱ्याला लग्नानंतर आठवड्याच्या आत मारलं, त्याच्या पत्नीने सांगितलं की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला न्याय हवा आहे. तिलाच शिव्या मिळाल्या. मारेकऱ्यांनी आधी विचारलं होतं ते हेच, नाव काय, धर्म काय, कोणाचा तू? त्यांचा प्रश्न उचलून आपण गावोगाव फिरवायचा आणि वर सूड घेतला म्हणायचं, हे त्या मुलीच्या लक्षात आलं, आमच्या टपरीच्या नाही.

करायचं काय, ते फार मोठं नाही. तटरक्षक दलाने, पोलिसांनी होड्या तपासाव्यात, रोज तपासाव्यात. परवाना, खलाशांची कार्डं, होडीचा रंग आणि नंबर, सगळ्यांचे आणि सारख्याच कडकपणे. अशा वेळी शांतता समितीच्या बैठकीला मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना बोलावून त्यांच्याकडून निषेधाचं पत्रक वाचून घेण्याची पद्धत पडली आहे. ती बंद करावी, किंवा मग देवस्थानच्या मानकऱ्यांकडूनही एक घ्यावं. घोषणा दिल्याचा आरोप असेल तर गुन्हा नोंदवावा, खटला चालवावा. आमच्याच जिल्ह्यात २०२५च्या फेब्रुवारीत क्रिकेटच्या सामन्यानंतर अशाच आरोपावरून पालिकेचा बुलडोझर दुसऱ्याच दिवशी एका दुकानावर फिरला. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडकाम नाही, आणि शिक्षा देणं हे प्रशासनाचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तीनच महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर २०२४ला, स्पष्ट केलेलं होतं. सामन्यालाच एवढं, तर युद्धाला काय?

टपरीतल्या प्रश्नावर मात्र कायदा करता येत नाही. तो विचारणारा माझा जुना विद्यार्थी आहे, वाईट मुलगा नाही. मी त्याला त्याच वेळी ‘आधी तुका काय वाटता ता सांग’ एवढं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. मी चहा पीत राहिलो.

१० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबला. जूनमध्ये होड्या वर काढल्या, नारळी पौर्णिमेला परत पाण्यात गेल्या. त्या दिवशी चाचा भेटले. मी तो विषय काढायचा ठरवून गेलो होतो. त्यांनी फॅक्टरीवाल्याच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली, लादीमागे किती वाढवले ते सांगत बसले, ‘यंदा बर्फ महाग झालो हा, मास्तरानू, होडीवाले बोंबलतले’, आणि मला मधे तोंड घालायला फट मिळाली नाही, किंवा त्यांनी दिली नाही.

डीपीवर त्यांच्या अजून तोच झेंडा आहे. त्या दिवशी टपरीत बसलेल्या बाकी आम्ही सगळ्यांनी आपापला गणपतीत बदलला.